‘सत्त्याहत्तर’ची काच पुढे उघडते

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ विमानांना निरोप दिला गेला. १९६३ साली भारतीय हवाई दलात ही विमानं पहिल्यांदा आली तीही चंडीगडलाच, २८व्या स्क्वाड्रनमध्ये. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं. १९७१चं युद्ध, अपघातांचा इतिहास, वैमानिकांच्या आठवणी, सगळं छापून आलं. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या गोष्टीबद्दल. निवृत्त विमानांपैकी काही आता चौकांत, कॉलेजांच्या आवारात, संग्रहालयांच्या अंगणात उभी राहतील. चौथऱ्यावर चढवण्याआधी त्यांची नीट नोंद व्हायला हवी. कॉकपिटच्या आतले, चाकांच्या पोकळ्यांमधले, पोटाखालचे फोटो; मापं; रंगांचे नमुने; पत्र्यावरच्या सूचनांची अक्षरं कुठे आणि कशी आहेत त्याचं टिपण. आणि ही नोंद कुठल्याही नागरिकाला सहज पाहता यायला हवी.

ही मागणी मी करतो आहे ती स्केल मॉडेल बनवणारा माणूस म्हणून. खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळीसाव्या किंवा बहात्तराव्या हिश्श्याएवढं, पण प्रत्येक बाबतीत खरं असं विमान बनवणं हा माझा छंद. पोटापाण्याचा उद्योग वेगळा. नाशिकला सातपूर एमआयडीसीत माझं छोटं टूलरूम आहे. डाय, फिक्श्चर, गेज, कुणाच्या मशीनचा तुटलेला आणि बाजारात न मिळणारा सुटा भाग, असली कामं आम्ही करतो. आजोळ ओझरजवळचं, निफाड तालुक्यातलं. द्राक्षबागांवरून मिग गेलं की घरातली बोलणी थांबायची, आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू व्हायची. मामा ओझरच्या कारखान्यात रिव्हेटिंगला होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा कारखाना १९६४ साली मिग-२१साठीच उभा राहिला. इंजिनं ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला आणि सांगाडा नाशिकला, अशी विभागणी होती. सहाशेहून अधिक मिग-२१ भारतात जुळवली आणि बांधली गेली. एवढं मोठं काम ज्या तालुक्यात झालं, तिथल्या मुलाला आज त्या विमानाचं कॉकपिट आतून कसं होतं हे बघायचं असेल, तर त्याला एखाद्या चेक माणसाने काढलेला फोटो शोधावा लागतो. हे मला खुपतं.

आता थोडं या छंदाच्या बाजाराविषयी, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मॉडेलचं किट म्हणजे खोकं. खोक्यात प्लास्टिकचे भाग चौकटीला जोडलेले असतात. ते सुटे करायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. हे भाग पोलादी डायमध्ये पॉलिस्टायरीन दाबून काढलेले असतात, आणि डाय म्हटलं की तिच्या मर्यादा आल्याच. भाग डायमधून सरळ बाहेर निघाला पाहिजे, म्हणून त्याला आतल्या बाजूला वळलेली खाच देता येत नाही. प्लास्टिक प्रवाही राहून कोपऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे, म्हणून भिंत फार पातळ ठेवता येत नाही. किटमधली एक मिलिमीटर जाडीची भिंत अठ्ठेचाळीस पटीने मोठी केली, तर खऱ्या विमानावर अठ्ठेचाळीस मिलिमीटर जाडीचा पत्रा होईल. विमानाचा पत्रा एक-दोन मिलिमीटरचा असतो. हवाई ब्रेकच्या झडपा, चाकांच्या पोकळीची दारं, आसनाचे पट्टे, उपकरणांच्या पॅनेलवरचे खटके, या सगळ्यांना किटमध्ये तडजोड करावी लागते. हा किट बनवणाऱ्याचा दोष नव्हे. मी स्वतः डाय बनवतो, त्यामुळे त्यांनी कुठे काय सोडून दिलं आणि का, ते मला भाग हातात घेतल्याबरोबर कळतं.

ही तडजोड भरून काढण्यासाठी दुसरेच कारखानदार जादा भाग बनवतात. एक प्रकार पितळी जाळीचा. पत्रा एक-दोन दशांश मिलिमीटरचा. त्यावर प्रकाशाने नक्षी उतरवायची, नको तो भाग रसायनाने खाऊन टाकायचा. निघालेल्या पत्र्यातून आसनाचा पट्टा बकलासकट सुटतो. दुसरा प्रकार रेझिनचा. मूळ नमुन्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा करायचा, त्यात रेझिन भरायचं. रबर वाकतं, म्हणून आत वळलेली खाचही सुखरूप बाहेर येते, जी पोलादी डायमधून कधीच आली नसती. कॉकपिटची भिंत, तिच्यावरच्या वायरी, पेट्या, नळ्या एकाच तुकड्यात मिळतात. तिसरा प्रकार लेथवर काढलेले पितळी किंवा पोलादी भाग, तोफांच्या नळ्या आणि नाकावरच्या दांड्या. अलीकडे थ्रीडी प्रिंटरवर काढलेले भागही आले आहेत, आणि उपकरणांच्या तबकड्या उठावदार छापून चिकटवता येतात.

हे भाग बनवणाऱ्यांची नावं वाचली तर निम्मा युरोप एका पट्ट्यात सापडतो. ऑब्रनित्से गावातली एडुआर्ड ही कंपनी चेक, एरेस चेक, सीएमके चेक. पितळी दांड्या आणि नळ्यांसाठी नाव घेतात ती मास्टर ही कंपनी पोलंडची. हे आपोआप झालेलं नाही. प्रागजवळच्या व्होदोखोदीच्या कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाने परवान्याखाली मिग-२१ची पहिली आवृत्ती बांधली, १९४ विमानं. नंतर मिग निवृत्त झाली, तेव्हा प्रागच्या क्बेली संग्रहालयात आणि इतरत्र ती नीट ठेवली गेली. हौशी माणूस टेप आणि कॅमेरा घेऊन जवळ जाऊ शकला. त्यांच्याकडे खरं विमान हाताशी होतं आणि ते मोजायला कुणी अडवत नव्हतं. त्यातून मापं आली, मापांतून रेझिनचे साचे आले, आणि आज जगभरातले हौशी लोक मिग-२१चं कॉकपिट घेतात ते चेक माणसाने मोजलेलं घेतात. आम्ही त्यांच्या तिप्पट विमानं बांधली.

मिग-२१ हे एक विमान नव्हे, हे इथे सांगायला हवं. तीसेक वर्षं ते बदलत राहिलं. भारतात बांधलं गेलेलं पहिलं रूप म्हणजे मिग-२१ एफएल. कारखान्यात आणि हवाई दलात त्याला ‘टाइप ७७’ म्हणत. मामांच्या तोंडी नुसतं ‘सत्त्याहत्तर’. मग एम आणि बिस ही रूपं आली, आणि शेवटची बरीच वर्षं बायसन. लांबून सगळी सारखी दिसतात, चिरूटासारखं अंग आणि त्रिकोणी पंख. जवळ गेलं की प्रत्येकाचं वेगळं. सत्त्याहत्तरची पाठ सडपातळ, पुढच्या रूपांची फुगीर. सत्त्याहत्तरच्या पंखाखाली शस्त्रं टांगायच्या जागा दोन, पुढच्यांना चार. सत्त्याहत्तरच्या पोटात तोफ नव्हती; तोफेचा डबा नंतर बाहेरून टांगला गेला. नाकावरची लांब दांडी, जिने हवेचा दाब मोजून वेग कळतो, ती सत्त्याहत्तरला वर मधोमध आहे, पुढच्या रूपांत उजवीकडे सरकलेली. आणि कॉकपिटवरची काच. सत्त्याहत्तरची काच पुढच्या बाजूला बिजागरीवर उघडते, कारण वैमानिक बाहेर फेकला जाताना ती काचच आसनाबरोबर जाऊन त्याला वाऱ्याच्या माऱ्यापासून झाकत असे. पुढे आसन बदललं, ती पद्धत गेली, आणि काच उजव्या बाजूला कलून उघडू लागली.

आमच्या हौशी मंडळींच्या एका बैठकीला मी मामांना घेऊन गेलो होतो. वय झालंय, पण नजर अजून चांगली आहे. इंजिनीअरिंगला असलेला एक मुलगा आपलं मॉडेल घेऊन आला होता. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर २८व्या स्क्वाड्रनच्या चार मिगनी रॉकेट्स डागली, त्यातलं एक विमान त्याला करायचं होतं. विंग कमांडर बिष्णोई यांच्या नेतृत्वाखालची ही कामगिरी आहे. ढाक्याचा पर्यटकांसाठी छापलेला नकाशा हाताशी धरून त्यांनी इमारत शोधली. पोराने सगळं वाचलं होतं. किटच्या किमतीपेक्षा महाग असं रेझिनचं कॉकपिट मागवलं होतं, पितळी पट्टे बसवले होते, आतला निळसर हिरवा रंग अचूक उतरला होता. पॅनेलच्या मधून जाणारी पांढरी उभी रेघसुद्धा त्याने घातली होती. विमान गिरक्या घेत खाली येऊ लागलं तर नियंत्रणाचा दांडा नेमका मध्ये आणायला वैमानिकाला त्या रेघेचा आधार असतो. काम इतकं स्वच्छ होतं की मामांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

मग म्हणाले, “बाळा, हे सत्त्याहत्तर नाही.”

“आजोबा, खोक्यावर भारतीय हवाई दलाचे तिरंगी गोल होते. म्हणून तर घेतलं.”

“गोल असतील. पण सत्त्याहत्तरची काच पुढं उघडते, तू बाजूला उघडलीस. खुर्चीपण ही नव्हती. आणि ही पाठ बघ केवढी.” मामांनी पाठीवरून बोट फिरवलं. “हे नंतरचं. ह्याच्यावर मी सात-आठ वर्षांनी काम केलं.”

पोराचं यात काय चुकलं? काहीच नाही. त्याने पैसे घातले, वाचलं, मेहनत केली. रेझिन बनवणाऱ्याचंही चुकलेलं नाही. त्यांनी एमएफ या रूपाचं कॉकपिट बनवलं, तसं खोक्यावर लिहिलं, आणि ते कॉकपिट बिनचूक आहे. त्या मुलाला हवी होती ती एकच गोष्ट नव्हती: नाशिकला बांधलेल्या सत्त्याहत्तरच्या आतला एक नीट, सगळीकडून काढलेला फोटोंचा संच. तो असता तर दोनशे रुपयांच्या प्लास्टिक पट्टीतून त्याने स्वतः आसन घडवलं असतं. जादा भाग कितीही बारीक असले तरी संदर्भाशिवाय ते नुसती शोभा आहेत, असं माझं मत त्या दिवसापासून पक्कं झालं. हौशी माणसाने भागांवर शंभर रुपये खर्च करायचं ठरवलं असेल, तर त्यातले पन्नास आधी पुस्तकावर घालावेत, असं मी नव्या मुलांना सांगतो.

पण पुस्तकं तरी कोणती सांगायची? अमेरिकेतल्या स्क्वाड्रन-सिग्नल या प्रकाशनाची ‘वॉक अराउंड’ मालिका आहे. विमानाभोवती फिरून काढलेले जवळचे फोटो, एकेका पुस्तकात एकेक विमान. प्रागच्या फोर प्लस प्रकाशनाची पुस्तकं आहेत, त्यांतली रेखाचित्रं लेथवर काम करणाऱ्यालाही समाधान देतील अशी. भारतीय लेखनही कमी दर्जाचं नाही. पुष्पिंदर सिंग चोप्रा यांनी आयुष्यभर भारतीय विमानांचे फोटो आणि इतिहास जमवला. १९७१च्या पूर्वेकडच्या हवाई लढाईवरचं जगन मोहन आणि समीर चोप्रा यांचं पुस्तक दिवसाच्या दिवसाला कोण कुठून उडालं हे सांगतं. पण ही इतिहासाची पुस्तकं. चाकाच्या पोकळीत कुठली नळी कुठे वळते, हे त्यांनी सांगावं अशी अपेक्षा करणं बरोबर नाही. ते काम ज्याच्या ताब्यात विमान आहे त्याचं.

नाकावरच्या दांडीचंच उदाहरण घेतो, कारण ते माझ्या हातातलं काम आहे. किटमधली प्लास्टिकची दांडी जाड असते आणि बाही अडकली तरी मोडते. म्हणून मी ती पितळेत काढतो. अठ्ठेचाळीसच्या प्रमाणात तिची जाडी कुठे मिलिमीटरभर, कुठे त्याहूनही कमी, आणि ती टोकाकडे पायरीपायरीने निमुळती होत जाते. एवढी बारीक सळई चकमधून लांब बाहेर काढून कापायला गेलं की ती टूलपासून पळते, वाकते. म्हणून कोलेटमध्ये धरून जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर काढायची, तेवढं टोक शेवटच्या मापापर्यंत पूर्ण करायचं, मग पुढचे दोन मिलिमीटर. मागे वळून पुन्हा कापणं नाही. टूलची धार ताजी हवी, वेग जास्त, काप केसाएवढा. शेवटी बारीक पॉलिश पेपरची नुसती फुंकर. हे सगळं मला येतं, आणि टूलरूममध्ये असलेल्या कुठल्याही चांगल्या टर्नरला येईल. न येणारी गोष्ट ही, की सत्त्याहत्तरच्या दांडीची पायरी नेमकी कुठून सुरू होते आणि किती मापाची आहे. तेवढ्यासाठी मला खऱ्या दांडीशेजारी एक फूटपट्टी धरून काढलेला फोटो पुरे आहे. ड्रॉइंग मिळालं तर उत्तमच.

कुणी म्हणेल, एवढ्या बारकाईची गरज काय? काच बंद केली की आतलं दिसणारही नाही. मला हा प्रश्न घरातही विचारला जातो आणि मी त्याचं उत्तर गंभीरपणे देतो. मॉडेल बनवणारा माणूस त्या विमानाला जेवढा वेळ बघतो, तेवढा वेळ ते बनवणाऱ्या आणि उडवणाऱ्यांशिवाय कुणीच बघत नाही. त्याला प्रत्येक झाकणाचं कारण शोधावं लागतं. हे भोक कशासाठी, हा वाकडा कंस कशाला धरतो, ही झडप उघडी का ठेवतात. यातून जे ज्ञान तयार होतं ते कुठल्याही शौर्यगाथेत सापडत नाही. मामांनी आणि त्यांच्यासारख्या हजारोंनी जे हातांनी केलं त्याची दखल कुठे घेतली जाते तर ती इथे, एका रिव्हेटच्या रांगेपाशी. एखाद्या विद्यार्थ्याने त्या रांगेचा विचार करून ती बरोबर उठवली, तर त्या कामाचा याहून मोठा मान मला माहीत नाही.

आता चौकातल्या विमानांकडे येतो. आपल्या राज्यात अशी विमानं बऱ्याच गावांत आहेत. नगरपालिकेला विमान मिळतं, क्रेनने चौथऱ्यावर चढतं, उद्घाटन होतं. पाच-सहा पावसाळे गेले की रंग उडतो आणि मग कुणीतरी ते ‘छान’ करायला काढतं. एका गावात, नाव सांगत नाही, लढाऊ विमानावर चकचकीत तेलरंग मारलेला मी पाहिला आहे. खालच्या सगळ्या सूचना, क्रमांक, झाकणांच्या खुणा त्याखाली गेल्या. गोलातला भगवा लालभडक झाला होता आणि हिरवा पोपटी. रंगवणाऱ्या पेंटरचा यात काय दोष? त्याला कुणी नमुना दिलाच नव्हता. मूळ रंगाचा नमुना ठेवायला लागतो किती? भारतीय मानक ब्यूरोचं रंगांसाठी ‘आयएस ५’ हे मानक आहे, त्यात क्रमांक दिलेल्या रंगपट्ट्या आहेत. विमानाच्या पत्र्याशेजारी त्या पट्ट्या धरायच्या, जुळणारा क्रमांक टिपायचा, सावलीत आणि उन्हात एकेक फोटो काढायचा. एका विमानाला अर्धा दिवस.

१९७१च्या बाबतीत तर हे जास्तच महत्त्वाचं आहे. शांततेच्या काळात आपली मिग उघड्या धातूच्या चकाकीत उडत होती. युद्धाच्या तोंडावर त्यांच्यावर घाईने हिरवे-तपकिरी पट्टे मारले गेले, आणि ते प्रत्येक तळावर वेगळे होते. कुठे ब्रशने, कुठे फवाऱ्याने, जो रंग मिळाला तो. त्या पट्ट्यांचे रंगीत फोटो थोडे आहेत. एखाद्या जुन्या विमानाच्या झाकणामागे, जिथे नंतरचा रंग पोचला नाही अशा कोपऱ्यात, त्या दिवसांतला रंग अजून असू शकतो. आपण दर खेपेला सगळं खरवडून नवा रंग मारतो आणि तो कोपरा कायमचा जातो. अमेरिकेच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयाकडे दुसऱ्या महायुद्धातलं ‘फ्लॅक-बेट’ नावाचं बी-२६ बॉम्बर आहे. दोनशेहून अधिक मोहिमा करून आलेलं. त्यावर त्यांनी नवा रंग मारला नाही. फाटलेला पत्रा, ठिगळं, उडालेला रंग, सगळं आहे तसं टिकवायचं काम त्यांच्या तज्ज्ञांनी केलं. आपल्याकडच्या प्रत्येक विमानाला तेवढा खर्च करा असं मी म्हणत नाही. एक तरी सत्त्याहत्तर असं ठेवा, आणि बाकीच्यांना रंग मारण्याआधी कॅमेरा लावा.

संरक्षणाच्या गुप्ततेचा मुद्दा लगेच निघतो. चालू विमानतळावर फोटो काढू नयेत हे मला पूर्ण मान्य आहे. कायदा आहे आणि तो बरोबर आहे. पण निवृत्त मिग-२१मध्ये लपवण्यासारखं काय उरलं? १९६६च्या ऑगस्टमध्ये मुनीर रेद्फा हा इराकी वैमानिक आपलं मिग-२१ घेऊन थेट इस्रायलमध्ये उतरला. ते विमान पुढे अमेरिकेने उडवून, मोजून, उलगडून पाहिलं. आज अमेरिकी हवाई दलाच्या डेटनच्या संग्रहालयात मिग-२१ उभं आहे आणि शाळेची पोरं त्याच्याभोवती फिरतात. या विमानाच्या वैमानिकांसाठीच्या जुन्या पुस्तिका परदेशात उघड विकल्या जातात. बायसनमध्ये नंतर बसवलेली उपकरणं असतील, ती काढून घ्या. तशीही ती काढली जातातच. पण १९६७च्या आसनाचा आणि चाकाच्या पोकळीचा फोटो देशाला धोका पोचवेल असं म्हणणं पटत नाही.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. गोव्यात बोगमाळोला नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, १९९८पासून. तिथे सी हॉक आहे, अलिझे आहे, २०१६ साली निवृत्त झालेलं सी हॅरियरही आहे. माणूस अगदी जवळ जाऊ शकतो. अलिझेच्या पोटाखाली वाकून बघत असताना तिथे मला कुणी हटकलं नाही. विमानं उघड्यावर आहेत, समुद्राचा खारा वारा आणि कोकणपट्टीचा पाऊस त्यांना खातो, त्याची काळजी वाटते; पण दार उघडं आहे, ही गोष्ट मोठी आहे. उलट बाजूला ‘विक्रांत’ ही जुनी विमानवाहू युद्धनौका. २००१पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१२ला बंद झाली, २०१४ला भंगारात गेली. तिच्या डेकवर विमान बांधायच्या कड्या कशा होत्या, कॅटापल्टची फट किती रुंद होती, हे आता सी हॉकचं मॉडेल डेकवर ठेवू पाहणाऱ्याने जुन्या पुसट फोटोंवरून ओळखायचं. जहाज ठेवणं परवडलं नाही, समजू शकतो. मोजून ठेवणं मात्र परवडलं असतं.

जकातीविषयी थोडक्यात. सीमाशुल्काच्या यादीत स्केल मॉडेल आणि लहान मुलांची खेळणी एकाच मथळ्याखाली, ९५०३मध्ये येतात. देशी खेळणी उद्योगाला आधार म्हणून २०२०मध्ये खेळण्यांवरची जकात २०वरून ६० टक्के झाली, २०२३मध्ये ७०. हेतू चांगला आहे, पण सत्त्याहत्तरचं पितळी कॉकपिट बनवणारा देशी उद्योगच नसेल, तर आधार कुणाला मिळतो? बोटभर पितळी पत्र्यावर भारी कर बसतो आणि विद्यार्थी हा छंद सोडून देतो. मला वाटतं याचं खरं उत्तर करात नाही, उत्पादनात आहे. नाशिक, पुणे, कोल्हापुरातल्या टूलरूममध्ये हे भाग बनवायची सगळी यंत्रं आहेत. पत्रा रसायनाने कोरायचं तंत्र छापील सर्किट बोर्डांच्या धंद्यात रोज वापरलं जातं. रेझिन, सिलिकॉन, थ्रीडी प्रिंटर शहरात मिळतात. सत्त्याहत्तरचं बिनचूक आसन आणि काच, मारुत या देशी लढाऊ विमानाचं कॉकपिट, इथेच बांधलेल्या अजीत विमानाच्या चाकांची दारं, यांना जगभर गिऱ्हाईक आहे, कारण ही विमानं दुसरीकडे फारशी नाहीत. कारागीर तयार आहे, पण मापं नाहीत.

म्हणून पुन्हा नोंदीकडे येतो, आणि काय हवं ते नेमकं सांगतो. ज्या विमानाचं वाटप ठरलं आहे, त्याचं चौथऱ्यावर चढण्याआधी एका दिवसाचं काम. काच उघडून आसन, दोन्ही कडेच्या भिंती आणि पॅनेल. चाकांच्या तिन्ही पोकळ्या आतून, दिव्याच्या प्रकाशात. हवाई ब्रेक उघडून. शेपटीखालची झोतनळी मागून. मापपट्टी आणि रंगपट्टी प्रत्येक फोटोत. अंगावरच्या सूचना कुठे रशियन आहेत, कुठे इंग्रजी, ते झाकणाझाकणानुसार. गावातल्या आयटीआयच्या किंवा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांकडून मोजमापाची रेखाचित्रं करून घेता येतील. त्यांना त्यातून ड्रॉइंगचा जेवढा सराव मिळेल तेवढा वर्गात वर्षभरात मिळत नाही. मामांच्या पिढीतली माणसं अजून आहेत. त्यांना विमानाशेजारी खुर्ची देऊन बसवा आणि बोलतं करा. कुठली रांग कुणी मारली हे सांगणारे फार दिवस राहणार नाहीत. हे सगळं राज्याच्या पुराभिलेख खात्याकडे किंवा एखाद्या संग्रहालयाकडे ठेवा, पण उघडं ठेवा.

आमच्या मंडळींनी फोटोंची यादी लिहून काढली आहे. कॅमेरे आमचे, दिवे आमचे, मोजायची साधनं माझ्या टूलरूममधली, प्रमाणित केलेली. गाडीभाडं आमचं आम्ही भरू, शनिवार-रविवार सांगितलं तरी येऊ, आणि काढलेला प्रत्येक फोटो विनामूल्य सुपूर्द करू. अर्ज कुठल्या अधिकाऱ्याच्या नावाने करायचा, एवढं संबंधितांनी जाहीर करावं.